पावणेतीन इंचाची अळी आणि माझे दोन कोरडे सीझन

एडिसनचा_पाहुणा | ६ मे, रात्री ९:४०

मंडळी, इथे मासे खाणारे पुष्कळ आहेत हे पाककृतींच्या धाग्यांवरून माहीत आहे. धरणारे किती आहेत ते बघायला हा धागा.

न्यू जर्सीत येऊन सहा वर्षं झाली. गेल्या दोन सीझनपासून बास धरायचा नाद लागलाय. नाद म्हणजे लायसन्स काढलं, दोन रॉड घेतले, एक तीन मजली डबा घेतला आणि त्यात चमचमणारी, खुळखुळणारी, पंखे फिरवणारी चाळीसेक ल्युअर (खोटी आमिषं) भरली. दोन वर्षांत मासे मिळाले चार. त्यातला एक दुसऱ्या कुणाच्या तुटलेल्या लाइनला अडकलेला होता, तो मी नुसता सोडवला. बायको म्हणते, एवढ्या पैशात दर रविवारी सुरमई आली असती.

गेल्या शनिवारी राउंड व्हॅलीला गेलो होतो. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: दरीला बांध घालून केलेला जलाशय, सगळ्यात खोल जागी १८० फूट, आणि पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. मी नेहमीसारखा खुळखुळा फेकतोय, ओढतोय, फेकतोय. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. एकच रॉड, आणि सामान म्हणजे शर्टाच्या खिशात एक पुडी. तासाभरात त्यांनी पाच बास काढले आणि सोडले. शेवटी माझी कीव आली असावी. माझ्या हातावर त्यांनी एक वस्तू ठेवली: अळंबीच्या टोपीसारखी इवलीशी गोळी, तिला गरी, आणि गरीवर विझलेल्या विडीच्या थोटकाएवढा हिरवट प्लॅस्टिकचा तुकडा. शेपूट नाही, पाय नाहीत, चमक नाही. विचारलं, याचं करायचं काय? म्हणाले, "काही नाही. टाक, बुडू दे आणि हात गप्प ठेव."

तिसऱ्या फेकीला चौदा इंची लागला.

घरी येऊन वाचलं, याला नेड रिग म्हणतात आणि या सगळ्या नाजूक कारभाराला फिनेस. पण का चालतं ते कळलं नाही. भुकेला मासा समोरचा लाडू सोडून शेंगदाणा का उचलेल? यावर मोठे मासे येतात की पोरंसोरंच? आणि तळ्यात जमलं ते वाहत्या डेलावेअरमध्ये कसं जमवायचं? जाणकारांनी लिहा, अजाणकारांनीही लिहा.

अळूवडी | ६ मे, रात्री १०:०२

पहिली मी! बास म्हणजे हॉटेलात फिश अँड चिप्सला असतो तोच ना? बासा?

खाडीकाठचा_बंड्या | ६ मे, रात्री १०:३१

अळूवडीताई, नाही हो. बासा म्हणजे व्हिएतनामहून गोठवून येणारा पंगस. गोव्यात मेनूकार्डावर 'सी बास' लिहितात तो चणक, म्हणजे रायगडकरांचा जिताडा. आणि पाहुणे ज्याच्या मागे लागलेत तो तिसराच, गोड्या पाण्यातला अमेरिकन. तिघांचं एकमेकांशी नातं इतकंच की तिघांनाही काटे आहेत.

अळूवडी | ६ मे, रात्री १०:३५

बासाच्या फिलेला काटे नसतात म्हणून तर मुलं खातात. :))

एडिसनचा_पाहुणा | ७ मे, सकाळी ७:१५

बंड्या, धन्यवाद. आमच्याकडे याचे मुख्य भाऊ दोन. लार्जमाउथ हिरवट, तळ्यात राहणारा, झाडोऱ्यात दबा धरून बसणारा. स्मॉलमाउथ तपकिरी, त्याला दगड, गारवा आणि वाहतं पाणी आवडतं. ओळखायचं जबड्यावरून. तोंड मिटलेलं असताना वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेला तर लार्जमाउथ, अलीकडेच थांबला तर स्मॉलमाउथ.

टवाळ_टोणगा | ७ मे, सकाळी ९:०५

काहीही न करता मासे गळाला लागतात हे वाचून आमच्या साहेबांची आठवण झाली. साहेब फिनेसवालेच. वर्षानुवर्षं हात गप्प आहेत, फायली आपोआप येतात.

मिशिगनची_माई | ७ मे, संध्याकाळी ६:२०

माझा विषय! दमाने वाचा, लांब होणार आहे.

आम्ही डेट्रॉइटच्या बाजूला, लेक सेंट क्लेअरपासून वीस मिनिटांवर राहतो. नवरा मासेमारी करायचा आणि मी किनाऱ्यावर विणकाम करायचे. एकदा त्याचा रॉड धरला, तेव्हापासून विणकाम तो करतो. (म्हणजे करत नाही, पण डबा तोच भरतो.)

आधी 'का' बघू. आमच्या तळ्याचीच गोष्ट सांगते. १९८८ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. परदेशी जहाजांच्या तोल राखायच्या पाण्यातून आले आणि पसरले. नखाएवढा जीव, पण दिवसभर पाणी गाळत बसतो. पाणी नितळ झालं, आणि नितळ पाण्यात माशाला तुमचं ल्युअर लांबून, निवांत, सगळ्या बाजूंनी दिसतं. गढूळ पाण्यात खुळखुळ्याचा आवाज आणि धक्का कामाला येतो, तिथे मासा बघत नाही, अंगानं जाणवून झडप घालतो. नितळ पाण्यात तो जवळ येतो, निरखतो आणि तोंड फिरवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या राउंड व्हॅलीतही तेच झालं असणार. तुम्ही लाडू नव्हता देत, ताशा वाजवत होता.

दुसरं म्हणजे बास चावत नाही, ओढून घेतो. तोंड झटकन उघडलं की आत पोकळी होते, पाणी आत धावतं आणि त्या पाण्याबरोबर घास. थंडीने सुस्तावलेला किंवा पोट भरलेला मासा ही ओढ अर्ध्या जोराने घेतो. जड ल्युअर तेवढ्या ओढीला हलत नाही, दीड-दोन ग्रॅमचं थोटूक सरळ घशात जातं.

आता हत्यारं. सात फुटी, मीडियम-लाइट, टोकाला चपळ असा स्पिनिंग रॉड. २५०० नंबरचं रील. त्यावर १० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) वेणीची लाइन, पुढे सहा ते आठ फूट फ्लुरोकार्बनचा तुकडा, ६ किंवा ८ पौंडी. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं आणि बुडतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारी रीलची पकड, सैल ठेवा. बारीक लाइनवर मोठा मासा ताकदीने येत नाही, दमवून येतो.

नेड रिग कॅन्ससच्या नेड केडींच्या नावाने ओळखतात. तिकडे ही रीत आधीपासून होती, त्यांनी ती लिहून लिहून जगाला सांगितली. अळी साधारण पावणेतीन इंची, गोळी एक सोळांश ते एक दशांश औंस. त्या अळीचं खास प्लॅस्टिक पाण्यात तरंगतं. त्यामुळे गोळी तळाला टेकते आणि थोटूक शेपटीवर उभं राहून डुलतं. दगडाखालून डोकावणाऱ्या क्रेफिशसारखं (गोड्या पाण्यातला नांग्यांचा कोळंबीवजा जीव), किंवा तळाशी काहीतरी टिपत असलेल्या चिमुकल्या माशासारखं. म्हणून 'काही करू नकोस'. तुमच्या वाटचं काम पाणीच करतं.

माझी चूक आधीच सांगून ठेवते. हे तरंगणारं प्लॅस्टिक दुसऱ्या, नेहमीच्या रबरी अळ्यांबरोबर एका कप्प्यात ठेवू नका. मी ठेवलं होतं. उन्हाळ्यात डबा उघडला तर आत चिक्की.

जड_गोळी | ७ मे, रात्री ११:४८

माईंचा आदर ठेवून असहमत.

मी मूळचा पुण्याचा (पेठेतला, त्यामुळे मत असणारच), आता डॅलसला. आमच्याकडे पाणी चहासारखं आणि तळ्यात बुडालेली झाडं. तिथे तुमची ६ पौंडी लाइन घेऊन गेलात तर मासा तुम्हालाच झाडाला बांधून ठेवेल. इथे टेक्सास रिग: सात-दहा इंची अळी, बंदुकीच्या गोळीसारखं वजन, गरीचं टोक अळीच्याच पोटात लपवलेलं म्हणजे फांद्यांत अडकत नाही, आणि २० पौंडी लाइन. लागला की झाडाबाहेर खेचायचा. हे दोन ग्रॅमचे लाड म्हणजे दिवसाला तीस पिल्लं मोजून खूश व्हायचा प्रकार. मोठा मासा हवा तर मोठा घास द्या. डॅलसपासून दीड तासावर लेक फोर्क आहे. टेक्सासचा लार्जमाउथचा विक्रम तिथलाच, १८.१८ पौंड, १९९२ सालचा.

मिशिगनची_माई | ८ मे, सकाळी ६:५५

जड_गोळी, तो विक्रमी मासा कशावर लागला होता ते लिहायचं राहिलं का? की मी लिहू?

जड_गोळी | ८ मे, सकाळी ८:३०

...

मिशिगनची_माई | ८ मे, सकाळी ८:४१

बरं, मी लिहिते. क्रॅपी नावाच्या तळहाताएवढ्या माशासाठी टाकलेल्या जिवंत मिनोवर. म्हणजे बोटभर माशावर. हलकेच घ्या. :)

टवाळ_टोणगा | ८ मे, सकाळी ८:४४

पेठेचा पाडाव! एक मिनिट मौन.

शाकाहारी_सिंह | ८ मे, दुपारी १:१०

मी या विषयातला नाही, पण एक शंका. तुम्ही सगळे मासा धरता आणि सोडून देता. कोळी धरतो तो पोटासाठी, ते समजू शकतो. नुसत्या गमतीसाठी कुणाच्या ओठात गरी घालायची आणि मग 'जा बाळा' म्हणायचं, यात नक्की कुठला मोठेपणा? विषयांतर वाटलं तर प्रतिसाद उडवा.

एडिसनचा_पाहुणा | ८ मे, दुपारी ३:२५

विषयांतर नाही. स्वतःलाही विचारून झालंय, आणि पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. इथे १५ एप्रिल ते १५ जून बास सोडूनच द्यायचा असा न्यू जर्सीचा नियम आहे, कारण तो अंडी घालायचा काळ. नर घरट्यावर राखण करत असतो, त्याला उचलून नेलं की बाकीचे मासे अंडी फस्त करतात. एरवी बारा इंचांवरचे पाच ठेवता येतात. मोठ्या बासमध्ये पारा साठतो म्हणून किती खावा याच्याही सूचना असतात. पण ही झाली नियमांची उत्तरं, तुमच्या प्रश्नाचं नव्हे. खरं सांगायचं तर त्या दोन सेकंदांची चटक लागते, लाइन जिवंत होते तेव्हाची.

कोथरूडची_कैरी | ८ मे, दुपारी ४:०२

म्हणजे श्रावण पाळूनही मासेमारी करता येते! आमच्या यांना सांगते.

प्राणिशास्त्र_सोडलेली | ८ मे, रात्री ९:५०

सिंह यांचा प्रश्न आणि पाहुण्यांचा 'का' हे दोन्ही एका जागी येऊन भेटतात, म्हणून लिहिते.

इलिनॉयमध्ये रिज लेक नावाचं छोटं तळं आहे. तिथे १९७० च्या दशकात संशोधकांनी प्रयोग सुरू केला. गळाने धरलेल्या प्रत्येक बासला खूण करायची, नोंद करायची, परत सोडायचा. काही वर्षांनी तळं रिकामं करून पाहिलं. एक मासा एका वर्षात १६ वेळा लागलेला, आणि काही असे की एकदाही लागलेले नव्हते. मग पुन्हा पुन्हा लागणारे आणि न लागणारे यांची वेगळी पैदास केली, पिढ्यान् पिढ्या. फरक उतरत गेला, वाढत गेला. गळाला लागणं हा अंशतः रक्ताचाच गुण निघाला. वर आणखी एक गोम: सहज लागणारे नर घरट्याची राखण जास्त हिरिरीने करणारेही होते. म्हणजे आपण नेमके चांगले बाप उचलतो.

ज्या तळ्यावर रोज शंभर माणसं ल्युअर फेकतात तिथे उरलेले मासे बुजरे असणार, यात नवल नाही. फिनेस ही त्या बुजऱ्यांसाठीची भाषा आहे असं समजा. आणि सिंह, सोडलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही. खोल गरी गिळलेला, फार वेळ उन्हात धरून फोटो काढलेला मरू शकतो. बारीक लाइनवर उगाच दहा मिनिटं दमवलेलाही. त्यामुळे माईंचं 'दमवून आणा' उन्हाळ्यात जरा जपून.

मिशिगनची_माई | ८ मे, रात्री १०:१५

मान्य. उन्हाळ्यात पाणी तापलं की मीही आठ पौंडी लाइन लावते आणि लवकर आटपते. गरीचा काटा पक्कडीने दाबून टाकते, सुटतो पटकन. आणि पाहुणे, राउंड व्हॅलीसारख्या खोल पाण्यात तीस फुटांच्या खालून मासा वर आणला तर त्याची हवेची पिशवी फुगते आणि तो परत खाली जाऊ शकत नाही. सोडायचाच असेल तर इतक्या खोल जाऊ नये हे बरं.

खाडीकाठचा_बंड्या | ९ मे, सकाळी ११:३०

फिनेस फिनेस काय लावलंय? आमच्या आज्याने हे शब्द न वापरता केलं.

आम्ही मालवणच्या बाजूचे. आमच्याकडे 'मासेमारी' ट्रॉलरवाल्यांची, आम्ही करतो ते गरवणं. आज्याकडे रॉड नव्हता. लाकडी फळकुटाला गुंडाळलेला दोरा, टोकाला गरी, थोडं वरती छोटंसं शिसं आणि जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. होडी नांगरून बसायचं, दोरा खाडीत सोडायचा आणि तर्जनीवरून नुसता जाऊ द्यायचा. मी सात-आठ वर्षांचा. दोरा घट्ट मुठीत धरला की आज्याची टपली. "दोरो बोटार ठेव, मुठीत नको. मुठीक कायेक कळणा नाय." मुठीला काही कळत नाही, हे तेव्हा समजलं नाही. आता रॉड वापरतो आणि तरीही रीलच्या पुढे लाइनखाली एक बोट असतंच.

ओहोटीच्या शेवटाला तांबोशी यायची. आधी दोऱ्यावर टिचकी, एकच. माझा हात उडायचा. आज्या म्हणायचा, "ती इचारता हा. तिका उत्तर देव नको." दुसरी टिचकी यायची, मग दोरा आपोआप तिरका चालू लागायचा. तेव्हा हिसका नाही, नुसतं हळूच उचलायचं. मासा स्वतःच्या जोराने अडकायचा.

नंतर हा धागा वाचून यूट्यूबवर नेड रिगचे तीन व्हिडिओ पाहिले. टोपीवाला गोरा नेमकं हेच सांगत होता: टिचकीला हिसका मारू नका, लाइन बाजूला सरकली की रील फिरवत रॉड उचला. फक्त त्याच्या बोटीला ऐंशी घोड्यांचं इंजिन होतं.

टवाळ_टोणगा | ९ मे, सकाळी ११:४२

'मुठीक कायेक कळणा नाय' टीशर्टवर छापून घेतोय. रॉयल्टी आज्यांना.

बिवाकाठी | ९ मे, दुपारी २:२०

जपानमधून हजर. ओत्सुला राहतो, बाल्कनीतून बिवा सरोवर दिसतं (वाकून बघितलं तर).

फिनेसचा मोठा हिस्सा इथून तिकडे गेलाय. तळी छोटी, माणसं फार, मासे शहाणे. त्यातून डाउनशॉट आला, ज्याला तुम्ही ड्रॉप शॉट म्हणता. वजन लाइनच्या अगदी टोकाला, आणि गरी त्याच्या फूट-दीड फूट वर लाइनवरच आडवी बांधलेली. वजन तळावर बसतं, अळी वर अधांतरी थरथरते. रॉडचं टोक हलवायचं ते अळी हलण्यापुरतं, वजन जागचं हलता कामा नये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पोचला आणि मग त्यांनी स्पर्धा त्यावर जिंकल्या. अजून एक आहे नेको रिग. नेको म्हणजे मांजर, म्हणून मी वर्षभर त्याला मांजर रिग समजत होतो. दुकानदाराने हसून सांगितलं की तो शब्द 'नेकोसोगी'वरून आलाय, म्हणजे मुळासकट सगळं उपटून नेणं.

जड_गोळींसाठी: जागतिक विक्रम टेक्सासचा नाही. १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरींनी २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ धरला. २ जुलै २००९ ला बिवामध्ये मानाबू कुरिता यांनी जवळपास एक औंस जास्त वजनाचा धरला. नियमाप्रमाणे दोन औंसांचा फरक नसेल तर जुना विक्रम मोडत नाही, बरोबरी धरतात. पेरींचा मासा घरच्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस होते.

पण इथली दुसरी बाजूही सांगतो. बास जपानचा नाही. १९२५ मध्ये आशी सरोवरात आणून सोडला आणि पुढे देशभर पसरवला गेला. देशी मासे खाल्ले त्याने. आता तो कायद्याने आक्रमक परकी प्रजाती आहे. जिवंत वाहून नेणं, दुसरीकडे सोडणं हे गुन्हे. बिवावर धरलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे, किनाऱ्यावर त्यासाठी पेट्या ठेवल्यात, त्यात टाकायचा. म्हणजे न्यू जर्सीतलं पाप इथे पुण्य आणि तिथलं पुण्य इथे नियमाविरुद्ध.

शाकाहारी_सिंह | ९ मे, दुपारी ३:००

माझं म्हणणं अजून तेच आहे, पण धागा वाचतोय. पेटीतल्या माशांचं पुढे काय होतं?

उजनीचा_राघू | ९ मे, संध्याकाळी ७:१२

हा बास आपल्या धरणांत का नाही सोडत कोणी? पर्यटन वाढेल, टुर्नामेंट होतील. पवना, पानशेत, उजनी, कितीतरी पाणी आहे.

प्राणिशास्त्र_सोडलेली | ९ मे, संध्याकाळी ७:३०

राघू, वरचा प्रतिसाद वाचून हे सुचलं? तुमच्याच उजनीत चिलापीने, म्हणजे बाहेरून आलेल्या तिलापियाने, काय केलं ते नाव घेऊन बसलेल्या माणसाला मी सांगायचं?

उजनीचा_राघू | ९ मे, संध्याकाळी ७:५५

चिलापी चविष्ट असते ओ. पण मुद्दा कळला. आमचे वडील सांगतात, पूर्वी जाळ्यात काय काय यायचं, आता दहातले बहुतेक चिलापी. सूचना मागे घेतो.

खाडीकाठचा_बंड्या | ९ मे, रात्री ८:२०

आणि ल्युअरची हौस भागवायला आपल्याकडे काय कमी आहे? धरणाच्या कडेला मरळ बेडकाच्या ल्युअरवर अशी येते की छातीत धस्स होतं. खडस, म्हणजे महसीर, आहे. लोणावळ्याच्या वळवणला टाटांनी त्याची पिल्लं वाढवायचं केंद्र कित्येक वर्षं चालवलंय. तो मात्र सोडायचाच.

लॅम्बर्टव्हिलचा_बाळू | १० मे, सकाळी ७:४५

पाहुणे, सगळं बोलून झालं, नदीचं तुम्ही विचारलंत ते राहूनच गेलं. मी डेलावेअरच्या काठीच राहतो, लहानपण कृष्णेकाठी वाईत गेलं, म्हणून दोन्ही नद्यांची भाषा थोडी येते.

डेलावेअरच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. त्यामुळे पाणी पावसाप्रमाणे खरंखुरं चढतं-उतरतं. निघण्याआधी सरकारी मापकाचे आकडे बघा, रीगल्सव्हिल आणि ट्रेंटनचे ऑनलाइन मिळतात. पाणी चढतं आणि गढूळ असेल तर घरी बसा, कांदाभजी करा. उतरायला लागून नितळ झालं की निघा.

तळ्यात मासा कुठे आहे हे शोधावं लागतं, नदीत तो कुठे असणार हे पाणीच सांगतं. स्मॉलमाउथला प्रवाहात उभं राहायचं नसतं, पण प्रवाहातून वाहत येणारा घास हवा असतो. म्हणून तो पळत्या आणि थांबल्या पाण्याच्या शिवणीवर उभा असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाची रेघ दिसते ती शिवण. मोठ्या दगडाच्या मागे, खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे. वाईला पोरं उन्हाळ्यात धोंड्यामागे डुंबायची ना, नेमकी ती जागा.

आता फेक. सगळे नवखे खाली, प्रवाहाच्या दिशेने फेकतात आणि वर ओढतात. उलट करा. वर तिरकं फेका, नेड रिग वाहत खाली येऊ द्या, तुम्ही फक्त सैल झालेली लाइन गुंडाळा. वजन इतकंच की मधूनमधून दगडाला टक् टक् लागेल. सतत टक् टक् म्हणजे जड झालं, आता अडकणार. एकदाही नाही म्हणजे हलकं. मी एक सोळांशने सुरू करतो. रंग विचाराल तर हिरवट-तपकिरी, क्रेफिशचा. याशिवाय सेंको प्रकारची, काडीसारखी पाच इंची अळी मध्यावर गरी टोचून, वजनाशिवाय, डोहाच्या शेपटीला टाका. दोन्ही टोकं थरथरत बुडते. याला वॅकी (चक्रम) म्हणतात, आणि दिसायलाही तशीच दिसते.

लाइफ जॅकेट घाला. गुडघाभर पाणी म्हणून उतरतात आणि शेवाळी दगडावरून जातात. हे मी चेष्टेने लिहीत नाहीये.

आणि शक्यतो शिसं नको, टंगस्टन घ्या. महाग आहे, पण छोट्या शिशाच्या गोळ्या गिळून लून पक्षी मरतात म्हणून उत्तरेकडे न्यू हॅम्पशर, मेन, व्हरमाँटमध्ये त्यांवर बंदी आहे. टंगस्टन कठीण असल्याने तळाची टक् टक् हाताला जास्त नीट कळते, हा वरचा नफा.

कोथरूडची_कैरी | १० मे, सकाळी ८:१०

मासे धरायचे नाहीत, खात नाही, तरी सगळा प्रतिसाद वाचला. 'पाण्याची शिवण' फार आवडलं.

जड_गोळी | १० मे, सकाळी ९:३५

बाळूशेठ, छान लिहिलंय. सात इंची अळी टाकून बघा असं मी अजूनही म्हणेन.

एडिसनचा_पाहुणा | २ जून, रात्री ८:५०

धागा वर काढतोय. अहवाल.

तीन रविवार डेलावेअरला गेलो. पहिला फुकट, पाणी चढलेलं. बाळूचं न ऐकता गेलो आणि भजी न खाता परत आलो. दुसऱ्या रविवारी अकरा गोळ्या दगडांत गेल्या, मासा शून्य. एक दशांश लावत होतो. तिसऱ्या वेळी एक सोळांशवर आलो आणि वर तिरकं फेकायला लागलो. तासभर नुसतं टक्, मग काही नाही, मग टक्. मग एकदा टक् जरा मऊ लागला. दगड मऊ नसतो एवढं डोक्यात आलं. हात उडणार होता, पण बंड्याच्या आज्याची टपली आठवली. थांबलो. लाइन प्रवाहाच्या उलट दिशेने निघाली, वरच्या बाजूला! पाण्यात पडलेली वस्तू उलटी जाते म्हणजे कोणीतरी नेतंय. हळूच उचललं.

अठरा इंची स्मॉलमाउथ. तीनदा हवेत उडाला. प्रत्येक वेळी वाटलं, सहा पौंडी लाइन गेली. ड्रॅग माईंनी सांगितल्याप्रमाणे सैल होतं, ते कुरकुरत राहिलं. हातात घेतला तर डोळे लालबुंद, अंगावर उभे पट्टे. फोटो काढायला मोबाइल शोधत होतो तेवढ्यात सोडलेली-ताईंचं उन्हाचं वाक्य आठवलं, म्हणून फोटो नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

'पोरंसोरंच येतात का' याचं उत्तर मला मिळालं. बाकी सिंहांच्या प्रश्नाचं अजून नाही. तो मासा सोडल्यावर लगेच गेला नाही, माझ्या बुटांमागच्या संथ पाण्यात मिनिटभर उभा होता. तेव्हा मला जरा अपराधी वाटलं. पुढच्या रविवारीही जाणार आहे.

तीन मजली डबा विकायला काढलाय. कोणाला चाळीस खुळखुळे हवेत का?

जड_गोळी | २ जून, रात्री ९:१०

फोटो नाही म्हणजे बारा इंची धरतो मी. अभिनंदन! खुळखुळे मला पाठवा, टेक्सासच्या चहात चालतात. आणि कोणाला सांगू नका, पण गेल्या आठवड्यात थंड वारा सुटला होता, काही लागेना, म्हणून त्या थोटकाचं एक पाकीट घेतलं. दोन लागले. पिल्लंच होती.

मिशिगनची_माई | २ जून, रात्री ९:१४

किती इंची पिल्लं, जड_गोळी?

जड_गोळी | २ जून, रात्री ९:३०

सतरा आणि एकोणीस.

अळूवडी | २ जून, रात्री ९:४१

आणि सोडले?? दोन्ही? रव्यात घोळवून... जाऊ दे.

खाडीकाठचा_बंड्या | ३ जून, सकाळी १०:२०

पाहुण्यानु, डिसेंबरात येताना त्या थोटकांची चार पाकिटं आणा. खाडीत तांबोशीक दाखवन बघतंय. खारट पाण्यात चालतात की नाय ते तिकाच इचारूया.

एडिसनचा_पाहुणा | ३ जून, सकाळी १०:५५

आणतो की. पण कस्टमवाल्याने विचारलं तर सांगू काय?

टवाळ_टोणगा | ३ जून, सकाळी १०:५७

हात गप्प ठेवा. तो विचारतोय, त्याला उत्तर द्यायचं नाही.